राज्य अजून बाईंवरच आहे

श्रीमती कुसुम घाडी यांची आणि माझी पहिली भेट भांडणाची होती, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीच्या मंडळींनी मला "सर, दोन शब्द गोड लिहा" असं बजावलं आहे. गोड लिहायला मला कधी जमलं नाही आणि गोड ऐकायची बाईंना सवय नाही. तेव्हा जसं घडलं तसं लिहितो. कोणाचा रसभंग झालाच तर माफी असावी.

लालबागच्या आमच्या मराठी शाळेत मी संगणकशिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा घाडीबाई तिथे शारीरिक शिक्षण शिकवत होत्या. मुलं त्यांना 'गेम्सच्या बाई' म्हणत. गळ्यात शिट्टी, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. माझी संगणकखोली दुसऱ्या मजल्यावर होती. सहा यंत्रं, प्रत्येकावर प्लास्टिकचं कव्हर, आणि दारावर माझ्याच अक्षरात पाटी: 'चपला बाहेर. हात लावू नये.' अख्खा वर्ग भिंतीला टेकून उभा राहायचा, मी एक यंत्र चालू करून दाखवायचो आणि मुलं वहीत 'संगणकाचे भाग' उतरवून घ्यायची. एकदा बाई कसलासा तक्ता मागायला आल्या, दारातच थांबल्या, आत नजर टाकली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, पोरं शिकायला आलीत की दर्शनाला?"

मुलं फिदीफिदी हसली. माझा पारा चढला. "बाई, तुमचं मैदान तुम्ही सांभाळा," मी म्हणालो.

"सांभाळतेय ना. तिथं पोरं बॉलला हात लावतात," असं म्हणून त्या जिना उतरून गेल्या. त्यानंतर वर्षभर आम्ही कामापुरतंच बोललो.

मग ते पत्र आलं. लोअर परळला एका बंद गिरणीच्या आवारात काचेची इमारत उभी राहिली होती आणि तिथे मोबाइलवरचे खेळ बनवणारी एक कंपनी होती. आसपासच्या शाळांतल्या मुलांना खेळातून संगणक शिकवायचा, यंत्रं आणि शिकवायला मदत करणारी माणसं कंपनीने द्यायची, असा त्यांचा बेत होता. पत्र इंग्रजीत होतं. शाळेतल्या एका 'गेम्स टीचर'चं नाव कळवा, असं त्यात म्हटलं होतं. आमच्या मुख्याध्यापकांनी चष्मा सारखा केला, "गेम्सच्या बाई आहेत ना आपल्याकडे," असं म्हणाले, आणि घाडीबाईंचं नाव कळवून मोकळे झाले. 'गेम्सचा तास' म्हणजे मैदान, यापलीकडे आमच्या शाळेत त्या शब्दाला अर्थच नव्हता.

घोटाळा माझ्या लक्षात आला तेव्हा उत्तर रवाना झालं होतं. मी मुख्याध्यापकांकडे जाऊन आदळआपट केली. ते म्हणाले, "आता नाव बदललं तर शाळेचं हसं होईल, सावंत. तुम्ही आहातच की मदतीला." मदतीला! संगणकाची पदविका माझी आणि मदत मी करायची शिट्टीवाल्या बाईंना. हा सल मी मनात नीट जपून ठेवला. त्याचं पुढे काय झालं ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

कंपनीकडून तन्वी नावाची एक मुलगी आली. माटुंग्याची, पंचविशीची, बोलायला भरभर. तिने बाईंना विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठली सिस्टिम वापरता?"

बाई म्हणाल्या, "हे बघ बाय, मला ते माऊस का काय ते धरता येत नाही. माझ्या हातातनं पळतं ते. चूक झालीय, पण आता आलीच आहेस तर माझा तास बघ आणि जा."

त्या दिवशी मैदानावर विषामृत चाललं होतं. ज्यांनी गल्लीत कधी ते खेळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एकावर राज्य असतं. तो ज्याला शिवेल आणि 'विष' म्हणेल त्याने जागच्या जागी बसायचं. सुटा असलेला एखादा भिडू येऊन शिवला आणि 'अमृत' म्हणाला, की उठायचं. स्वतःचं स्वतः उठायचं नाही. तन्वी पायरीवर बसून बघत होती. बघता बघता तिने कागद काढला आणि लिहायला लागली: मूल उभं आहे की बसलेलं, शिवणारा कोण, तो काय म्हणाला, मग पुढे काय. तास संपल्यावर ती धावत बाईंकडे आली. "बाई, हाच तर प्रोग्राम आहे! तुम्ही रोज हेच शिकवताय!" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

तिथून पुढे तीन वर्षं तो वर्ग चालला. पहिल्या वर्षअखेर बाई निवृत्त झाल्या, तरी या तासापुरत्या येत राहिल्या. पद्धत त्यांची स्वतःची होती. अर्धा तास मैदानावर खेळायचं, मग त्या खेळाचे नियम खडूने जमिनीवर लिहायचे, मग लिहिल्याबरहुकूमच पुन्हा खेळायचं, आणि त्यात चूक सापडली नाही तरच आत जाऊन यंत्राला हात लावायचा. कंपनीची दहा नवी यंत्रं खाली मैदानालगतच्या खोलीत ठेवली होती. दारावर पाटी नव्हती.

एक प्रसंग सांगतो. सातवीच्या मुलांनी विषामृताचे नियम लिहिले होते आणि बाई म्हणाल्या, आता फक्त लिहिलंय तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाही, तुम्ही यंत्र आहात. खेळ सुरू झाला. राज्य असलेली पोरगी चपळ होती, तिने एकेकाला विष देत सगळ्यांनाच बसवलं. आता अमृत द्यायला सुटं कोणी उरलंच नाही. मुलं उठायला लागली तशी बाईंनी शिट्टी वाजवली. "उठलास कित्याक, मेल्या? लिहिलंय काय उठायचं?" चिडल्या की त्यांच्या तोंडून मालवणी यायची. सगळी पोरं भर उन्हात बसून राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी गॅलरीतून बघत होतो आणि मनातून खूश होतो, की आता पालक तक्रार करणार. मग मागे बसलेली रेश्मा नावाची एक मुलगी म्हणाली, "बाई, डाव कधी संपतो ते आपण लिहिलंच नाही."

बाईंनी शिट्टी खाली सोडली. "शाब्बास गो!" म्हणाल्या आणि खडू तिच्या हातात दिला. ही रेश्मा घोडपदेवची, बाईंच्याच चाळीच्या मागच्या गल्लीतली. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. माझ्या तासाला ती दोन वर्षं भिंतीला टेकून उभी होती.

बाईंच्या मनाचा मोठेपणा म्हणावा असा आणखी एक दिवस आठवतो. कंपनीने मुलांना आपलं ऑफिस दाखवायला नेलं होतं. गुबगुबीत गाद्या, भिंतीवर रंगीत राक्षस, थंडगार हवा. मुलं हरखून गेली. बाई मात्र एका कोपऱ्यात खांबाला हात लावून उभ्या होत्या. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाल्या, "काही नाही सर. आमच्या ह्यांचे माग इथंच होते, या खांबाच्या अलीकडे. संप झाला आणि मग काय, परत आत आलेच नाहीत ते. बाहेरूनच गेले." डोळे कोरडे होते. मग त्या वळल्या आणि मुलांवर ओरडल्या, "बघत काय बसलात? हात लावा! विचारा त्यांना, ह्यो राक्षस उडी कशी मारता?" त्या इमारतीचा राग करायचा हक्क त्यांच्याइतका कोणाला नव्हता. त्यांनी तो वापरला नाही. माझ्याकडे तसा कुठलाही हक्क नव्हता आणि तरी मी रागातच जगत होतो.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या वर्षी कंपनीतले वरचे लोक बदलले. नव्या साहेबांनी प्रत्येक शाळेकडून यंत्रांच्या वापराचा अहवाल मागवला. मुख्याध्यापकांनी तो माझ्याकडे दिला, कारण असल्या कागदांना माणूस लागतो तो मीच. मी लिहिलं: 'तासाच्या निम्म्याहून अधिक वेळ संगणक बंद असतात. मुले मैदानावर असतात. संबंधित शिक्षिका निवृत्त असून त्यांना संगणक चालवता येत नाही.' यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी ते तीनदा वाचून खात्री करून घेतली होती. खोटं नाही, आणि तरी इतका नीच कागद मी आयुष्यात दुसरा लिहिला नाही. वर्ग बंद पडेल असं मला वाटलं नव्हतं. बाईंना काढतील आणि मला बोलावतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्यांनी सगळंच काढलं. एका दुपारी टेम्पो आला आणि हमाल यंत्रं उचलायला लागले. पहिल्या यंत्रात रेश्माचा खेळ होता. तिने विषामृत पडद्यावर आणलं होतं. तिची छोटी छोटी माणसं पळायची, शिवलं की खाली बसायची. अमृताचं बटण तेवढं अजून जमलं नव्हतं, त्याच्यावर ती महिनाभर झगडत होती. खोके टेम्पोत चढताना ती वर्गातून धावत खाली आली आणि नेमकी माझाच हात धरून म्हणाली, "सर, थांबवा ना त्यांना. माझी पोरं आत बसलीत. त्यांना अमृत नाही दिलं अजून."

मी म्हणालो, "परत करशील गं." टेम्पो गेला. तिने परत काही केलं नाही. कशावर करणार? दहावीनंतर ती लालबागला एका साडीच्या दुकानात लागली, आजही तिथेच आहे. बाईंच्या वर्गातून पुढे इंजिनिअर झालेल्यांचे लेख या ग्रंथात आहेत, ते वाचून मला आनंदच झाला. रेश्माचा लेख नाही. तिला कोणी विचारलं नसावं.

यंत्रं गेली आणि वर्षाच्या आतच माझीही पाळी आली. माझी जुनी सहा यंत्रं केव्हाच बंद पडली होती. संगणक नसलेल्या शाळेत संगणकशिक्षक काय करणार? मी अतिरिक्त ठरलो. कुठे पाठवतील याचा नेम नव्हता. घरी आई अंथरुणाला खिळलेली, मी पार हादरलो होतो. तेव्हा घाडीबाई आपण होऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. मी बाहेर बाकावर होतो, दार उघडं होतं. "सावंत सरांना सोडू नका," त्या म्हणत होत्या. "गेम्सला माणूस नाही तुमच्याकडे. त्यांना मैदानावर घ्या. खडूने शिकवतील ते कम्प्युटर, मी दाखवते कसं ते." बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "उद्यापासून बूट घाला सर. चपलेने पाय मुरगळेल."

त्यानंतर आठ वर्षं मी त्यांच्याबरोबर मैदानावर उभा राहिलो. यंत्र एकही नव्हतं. जमिनीवर खडूने चौकोन आखायचे, मुलांनीच यंत्र व्हायचं, मुलांनीच चुका शोधायच्या. लंगडीतून मोजणी शिकवली, लगोरीतून क्रम शिकवला. शिक्षक मी तिथे झालो, हे आता लिहायला मला लाज वाटत नाही. पण त्या आठ वर्षांत रोज वाटायचं, की आज सांगावं, आणि रोज घंटा व्हायची. नंतर शाळेत मुलंच उरली नाहीत. सगळी इंग्रजी शाळांत गेली. शेवटच्या वर्षी विषामृत खेळायला पुरेसे भिडू जमेनात, तेव्हा बाई स्वतः पळायच्या. मग शाळा बंद झाली. आता त्या मैदानाभोवती बांधकामाचे निळे पत्रे आहेत.

दोन वर्षांपूर्वी बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ज्या बाईंची शिट्टी भारतमाता टॉकीजच्या नाक्यापर्यंत ऐकू जायची, त्यांच्या तोंडून आता एखादाच शब्द निघतो, तोही अर्धा. समजतं मात्र सगळं. नजरेवरून कळतं.

या ग्रंथाच्या कामासाठी मी तन्वीला फोन केला. ती आता परदेशी असते. बोलता बोलता ती म्हणाली, "सर, एक विचारू? तुमचा तो रिपोर्ट. मी तेव्हाच तो बाईंना वाचून दाखवला होता. मला फार राग आला होता तुमचा. बाई म्हणाल्या, खरंच लिहिलंय त्यांनी, मला येत नाहीच. तुम्ही बोललात ना पुढे त्यांच्याशी?"

मी नाही म्हणालो आणि फोन ठेवला. म्हणजे बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या तेव्हा त्यांना ठाऊक होतं. आठ वर्षं माझ्याशेजारी उभ्या राहिल्या तेव्हाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडपदेवला गेलो. खोलीत बाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या आणि शेजारी रेश्मा त्यांच्या उजव्या हाताला तेल चोळत होती. दुकान उघडायच्या आधी ती रोज येते, हे मला तेव्हा कळलं. या दोन वर्षांत मला ते माहीत नव्हतं, यातच माझं काय ते आलं. चोळून झाल्यावर तिने बाईंच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "अमृत."

बाई अर्थातच उठल्या नाहीत. रेश्मा मला म्हणाली, "रोज म्हणते सर. उठत नाहीत. पण कोणीतरी म्हणायला नको का?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काय लिहिलं, कशासाठी लिहिलं, टेम्पो कोणामुळे आला. बोलताना मी बाईंकडे बघत होतो. रेश्माकडे बघायची हिंमत नव्हती. माझं सांगून झालं. शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या देत होता. मग रेश्मा सावकाश म्हणाली, "म्हणजे माझी पोरं तुम्ही बसवलीत."

"हो," मी म्हणालो.

बाईंचा डावा हात हलला. त्यांनी तो मोठ्या कष्टाने उचलला, माझं मनगट धरलं, आणि तोंडाच्या चालत्या बाजूने एक शब्द काढला. पहिल्यांदा मला कळला नाही. दुसऱ्यांदा कळला. "विस," बाई म्हणाल्या. विष. त्यांची नजर अगदी जुनी होती, मैदानावरची. रागावल्या होत्या की थट्टा करत होत्या, देव जाणे. दोन्ही असेल.

मी अजून उभाच होतो. तेव्हा रेश्मा म्हणाली, "बसा सर. राज्य बाईंवर आहे."

मी खाली फरशीवर बसलो. गुडघे बोंबलले. रेश्माने तेलाची वाटी उचलून ठेवली, हात धुतले, पर्स घेतली. दाराकडे जाताना ती माझ्या अगदी जवळून गेली. हात लावला नाही. मी तिला दोष देत नाही. बाईंना झोप लागली तसा मी आपला आपण उठून घरी आलो. नियमात ते बसत नाही, म्हणून माझ्या लेखी मी अजून तिथेच आहे.

समितीला माझी एक विनंती आहे. समारंभात शाल घाला, श्रीफळ द्या, ग्रंथ त्यांच्या हाती ठेवा. पण त्याआधी एकेकाने घोडपदेवला जाऊन बाईंच्या उजव्या खांद्याला हात लावून यावं आणि काय म्हणायचं ते म्हणावं. त्यांच्या हाताखाली खेळलेल्या कोणालाही ते शिकवायला नको. आणि रेश्माला व्यासपीठावर बसवा, माझी खुर्ची तिला द्या.

बाई, अशा लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा असं लिहायचा रिवाज आहे. मी आकडा घालत नाही. तुमच्याच मैदानावर भर उन्हात एक मुलगी म्हणाली होती, की डाव कधी संपतो ते आपण लिहिलंच नाही. ते तसंच राहू द्या. तुमचा उजवा हात बरा होवो, आवाज परत येवो, आणि नाहीच आला तर एका शब्दावरसुद्धा तुम्ही पुष्कळ वर्षं आमच्यावर ओरडत राहा. मला उठवायला कोण येईल, येईल की नाही, ठाऊक नाही. तोवर राज्य तुमच्यावर आहे. मी बसलो आहे.